वय झालंय, झोपू द्या

‘रात्री किती तास झोप लागते? सहापेक्षा कमी, सहा ते आठ, आठपेक्षा जास्त. झोपेविषयी काही तक्रार आहे का? आहे, नाही. योग्य त्या चौकोनात खूण करा.’

साठीच्या पुढच्या माणसांच्या पाहणीचा तो चार पानी अर्ज होता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आला. त्यात गुडघे, डोळे, साखर, रक्तदाब असं बरंच काही होतं, आणि तिसऱ्या पानावर अगदी खाली झोप. मी आरोग्य सेविका. माझ्याकडं चार गावं होती आणि अर्ज भरून द्यायला दिवस दिले होते दहा. ते मी कसे भरले हे इथं सांगायचं आहे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्याचा राग गेलेला नाही. त्यातला काही माझ्यावरचाच आहे. पण सगळा नाही, आणि सगळा मी स्वतःवर घेणारही नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. कर्नाटकाच्या हद्दीकडचं, निलंग्याच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं पुरे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई. सुई हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम दारोदार जायचं आणि लिहायचं. गरोदर बाया वेगळ्या वहीत, तान्ही लेकरं वेगळ्या वहीत, पाळणा लांबवणारी जोडपी वेगळ्या वहीत. म्हाताऱ्या माणसाचं नाव आमच्याकडं वर्षानुवर्षं एकाच वहीत यायचं, मृत्यूच्या. सून गरोदर असली की तिच्या दारात मी महिन्यातून एकदा हमखास जायची. दाराशीच सासऱ्याची खाट असायची. तिला वळसा घालून आत जायची. सासरा उठून बसायचा, हात पुढं करायचा, ‘माझी बी नाडी बघा की बाई’ म्हणायचा. कधी बघायची, बऱ्याचदा घाईत असायची.

सोजरबाई या गावची सुईण. मी किनवटकडच्या गावांतून बदलून इथं आले तेव्हा माझं वय बत्तीस, आणि आपल्याला सगळं येतं असा समज. पहिल्याच महिन्यात भरदुपारी एक बाळंतपण अडलं. मी प्रशिक्षणात शिकवलेलं आठवत उभी राहिले. सोजरबाई आल्या, त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, बाईच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “गाडी बोलवा. हे घरात व्हायचं न्हाई.” त्यांनी ते दोन मिनिटांत ओळखलं होतं. मला अर्धा तास लागला असता, आणि त्या बाईजवळ अर्धा तास नव्हता. तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्या मला ‘सुमन’ म्हणत, गाव ‘सिस्टर’ म्हणत असलं तरी.

त्यांची झोप सगळ्या गावाला माहीत होती. सलग अशी त्या कधी झोपल्याच नाहीत. बाळंतिणीच्या घरी भिंतीला टेकून तासभर, शेतात बांधावर अर्धा तास, दुपारी जेवल्यावर डुलकी. पण कुणी हाक मारली की एका हाकेत जाग्या, आणि जाग्या म्हणजे पूर्ण जाग्या. साडी सावरत विचारायच्या, “कितवं हाय? पाणी गेलं का?” पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, त्यांचं काम थांबलं, तरी पहाटे चारला उठून अंगण झाडायची सवय गेली नाही. सत्तरी ओलांडल्यावरही बाजारात मेथीच्या जुडीवरून बागवानाशी हुज्जत घालणारी बाई ती.

अर्ज भरायला मी त्यांच्या दारात गेले तेव्हा श्रावण होता. दिवसाला पंचवीस अर्ज झाले पाहिजेत असा हिशेब. त्यांची सून मीरा दारात शेंगा निवडत बसली होती.

“मावशी कुठं आहेत?”

“झोपल्यात आत.”

“झोप लागते का नीट?”

“लई लागती. दिसभर बी झोपत्यात, रात्री बी झोपत्यात. काई तरास न्हाई बगा.”

मी दारातच उभी राहून ‘आठपेक्षा जास्त’वर खूण केली. तक्रार, ‘नाही’वर. मीराचा अंगठा घेतला आणि पुढच्या दारात गेले. आत डोकावले नाही. ज्या बाईला पहाटे चारनंतर कुणी अंथरुणात पाहिलं नव्हतं, ती सकाळी अकराला झोपली आहे, हे मी ऐकलं आणि लिहून घेतलं. वय झालंय, असंच मनात आलं असेल. आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेच मला जास्त लागतं.

दोन महिन्यांनी आढावा बैठक झाली. साहेबांनी कागद वाचून दाखवला. आपल्या भागातल्या ज्येष्ठांची झोप उत्तम आहे, बहुसंख्य लोकांना झोपेची काहीही तक्रार नाही. टाळ्या पडल्या. मी आजूबाजूला पाहिलं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी अर्ज घरी बसून भरले होते, मला माहीत होतं. उरलेल्यांनी माझ्यासारखे दारातून. झोपेविषयी झोपणाऱ्या माणसाला कुणीच विचारलं नव्हतं, आणि त्यावर टाळ्या चालल्या होत्या. मीही वाजवल्या.

मग वैशाख आला. ज्यांनी इकडचा वैशाख पाहिलाय त्यांना सांगायला नको. दुपारी एकला रस्त्यावर कुत्रंही नसतं. मीराची थोरली सून माहेरी बाळंत होऊन नुकतीच परतली होती, बाळाला डोस द्यायला मी त्या घरी गेले. पत्र्याचं घर, आत भट्टी. काम झाल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघराकडं वळले, तर वाटेतल्या खोलीत खाटेवर एक गाठोडं दिसलं. जाड वाकळ, आणि वाकळेवर रग.

वाकळेत माणूस होतं.

“मावशी?”

हालचाल नाही. मी जवळ बसून हलवलं, चार-पाच हाका मारल्या, तेव्हा डोळे उघडले. तोंड सुजलेलं, पापण्या जड. भुवयांचे बाहेरचे केस गेलेले. मला ओळखायला त्यांना बराच वेळ लागला. मग आवाज आला, तोही मावशींचा नव्हता. जाडा, घोगरा, एकेक शब्द ओढत आणल्यासारखा.

“थंडी... वाजती... सुमन.”

माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मी त्यांचा हात धरला तर बर्फ. कातडी कोरडी खरखरीत. नाडी मोजली. पुन्हा मोजली. पन्नासलासुद्धा पोचत नव्हती.

मी मीराला हाक मारली. “हे कधीपासून आहे?”

“आता दोन वर्सं व्हत्यात की. आधी दुपारची झोपायच्या, मग उठायलाच उशीर करू लागल्या. आता जेवायला उठवावं लागतं.”

“दोन वर्षं? आणि दवाखाना?”

तेवढ्यात तिचा नवरा बालाजी शेतातून आला. मावशींचा एकुलता मुलगा. सज्जन माणूस, दारू नाही, भांडण नाही, आईला दोन वेळचं गरम जेवण. तो शांतपणे म्हणाला, “सिस्टर, वय झालंय. जलमभर जागली माय. आता झोपू द्या.”

हे वाक्य इतकं मायेनं बोललं जातं की समोरच्याला त्याच्यावर चिडताही येत नाही. मी मात्र चिडले. म्हणाले, “बालाजी, तुझी म्हैस वैशाखात थंडीनं कुडकुडत दोन दिवस पडून राहिली असती तर तू काय केलं असतंस?” जनावरांच्या डॉक्टरला त्यानं दुपारच्या आत आणलं असतं, हे त्यालाही कळलं आणि मीरालाही.

मला रोगाचं नाव ठाऊक नव्हतं. ते ओळखणं माझं काम नाही. एवढं मात्र कळत होतं की ही झोप नव्हे. म्हातारपणी झोप तुटते, पातळ होते, लवकर जाग येते. किनवटकडं असताना मी ऐंशीच्या पुढच्या बाया पाहिल्यात, पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जाणाऱ्या, दुपारी झाडाखाली पदर तोंडावर घेऊन पडणाऱ्या. त्यांचे तास कुणी मोजले नाहीत आणि त्या खडखडीत होत्या. थोडं झोपणाऱ्या म्हाताऱ्याची सगळे काळजी करतात, कारण त्याचा घराला त्रास होतो. फार झोपणाऱ्याची कुणी करत नाही. खरं तर एखादं म्हातारं माणूस एकाएकी जास्त झोपू लागलं, तर ते शरीर काहीतरी सांगत असतं. साखर असेल, रक्तातलं मीठ कमी झालं असेल, एखाद्या गोळीची गुंगी असेल, मन खचलं असेल. विचारल्याशिवाय कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी बालाजी जीप करून आईला आरोग्य केंद्रात घेऊन आला. तिथले डॉक्टर तरुण, नुकतेच आलेले. समोर साठ माणसांची रांग. त्यांनी मावशींकडं एकदा पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

“सर, नाडी बघा ना एकदा.”

“सिस्टर, सत्तरीच्या बाईनं झोपायचं नाही तर काय करायचं? अशक्तपणा आहे. ताकदीच्या गोळ्या देतो.”

“सर, वैशाखात थंडी वाजतेय.”

“वय झालंय हो.” त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

डॉक्टरसाहेब वाईट नव्हते. पुढं चांगले झाले, असं ऐकते. पण त्या दिवशी ते बालाजीचंच वाक्य बोलले होते. फरक इतकाच, की बालाजी शाळेत सातवीपर्यंत गेला होता.

मी रजा टाकली. लातूरला जायला बालाजी कां-कूं करत होता. पेरणीच्या आधीची कामं होती, आणि डॉक्टरनंच सांगितलंय ना, असं त्याचं म्हणणं. शेवटी मीरा बोलली. सासूला ती आत्या म्हणे. “मी जाते सिस्टरसंगं. आत्यानं माझी दोन बाळंतपणं केली, ह्यांला काय ठावं.” एसटीत आम्ही दोघींनी मावशींना मधे बसवलं. त्या सगळी वाट माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, “आजीला बरी झोप लागलीय.” मी त्याच्याकडं असं पाहिलं की बिचारा मागं निघून गेला.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मावशींना बोलायला लावलं. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तो घोगरा आवाज डोळे मिटून ऐकला. मग गुडघ्यावर हातोडी मारून पाय किती सावकाश परत येतो ते पाहिलं. मीराला विचारलं, “आधी आवाज असाच होता?”

“न्हाई. आधी हाक मारली की चार घरं ऐकायची.”

“थायरॉईड बघू,” बाई म्हणाल्या. रक्त घेतलं, भरती करून घेतलं. रिपोर्ट आला आणि तेच निघालं. गळ्यातली ती छोटी ग्रंथी कामच करत नव्हती. अंगाची सगळी चक्कीच मंद झाली होती. औषध काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी. मोहरीपेक्षा थोडी मोठी म्हणा. सुरुवातीला तीही कमी ताकदीची, हृदयावर ताण येऊ नये म्हणून, मग हळूहळू वाढवत नेलेली.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अजून एक हिवाळा गेला असता तर ही बाई झोपेतच गेली असती. आणि कुणालाही काही वाटलं नसतं.”

हे दुसरं वाक्य मी परतीच्या एसटीत सगळी वाट चघळत आले.

तीन आठवड्यांनी मावशींनी रग फेकला. दीड महिन्यानं आवाज मोकळा झाला. पोळ्याच्या सुमारास मी गेले तेव्हा त्या अंगणात खराटा धरून उभ्या होत्या, आणि मीराला ‘कोपरे कुनी झाडायचे’ म्हणून रागवत होत्या. मीरा हसत होती. मला वाटलं, संपलं, चांगलं झालं.

त्या दिवशी मावशी मला म्हणाल्या, “सुमन, धर्माबादला फोन लाव गं. कौसा लई दिसांत बोलली न्हाई.”

कौसा त्यांची धाकटी बहीण, धर्माबादला दिलेली. मी मीराकडं पाहिलं. तिचा हात सुपातच थांबला. बालाजी दारात उभा होता, तो खाली बघायला लागला.

“माय,” तो म्हणाला, “मावशी गेली. गेल्या दिवाळीच्या आधी.”

“कोण गेली?”

“कौसा मावशी. मी जाऊन आलो मातीला. तुला सांगितलं होतं. तू ‘हं’ म्हणलीस.”

मावशींनी खराटा भिंतीला टेकवला. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. धाकट्या नातवाचं लग्न? झालं. मी व्हते का? होतीस, मागं खुर्चीवर बसवलं होतं, झोपली होतीस. नातसून कुठल्या गावची? शेजारची गोदावरी कुठं गेली? मुलाकडं पुण्याला. भेटून गेली का? आली होती, तू झोपली होतीस.

“उठवलं कामून न्हाई?”

मला वाटलं आता माझी पाळी. मी अर्जाचं सांगितलं. श्रावणात दारात येऊन मी काय लिहिलं, कुठं खूण केली, सगळं. माफी मागितली नाही, कारण कशाच्या जोरावर मागणार. नऊ-दहा महिने आधी मी आत डोकावले असते तर निदान दिवाळीआधी त्या जाग्या झाल्या असत्या. धर्माबादला जाता आलं असतं.

त्या रागावतील असं वाटलं. त्या रागावल्याच. म्हणाल्या, “तू दारातून गेलीस? तू?” आणि तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उपकेंद्रावर आल्या, चालत, आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “माझ्यासारखं आनखी कुणाकुणाचं लिवलंस? काढ वही.”

कच्ची यादी माझ्याकडं होती. ‘आठपेक्षा जास्त, तक्रार नाही’ अशी त्या गावात मावशींचं धरून अकरा नावं निघाली. पुढं पंधरा दिवस दुपारच्या वेळी आम्ही दोघी बाकीच्या घरांना गेलो. मी बॅग घेऊन, त्या काठी घेऊन. दारात कुणी उत्तर द्यायला लागलं की त्या म्हणत, “तुला न्हाई इचारलं,” आणि सरळ आत.

बऱ्याच घरांत काही विशेष नव्हतं. एका म्हाताऱ्याची खाट टीव्हीसमोर होती, घर जागं तोवर त्याला झोप नाही, म्हणून दिवसा झोपायचा. मावशींनी त्याची खाट तिथल्या तिथं पडवीत हलवायला लावली. एका बाईची साखर भलतीच वाढलेली निघाली. एक निवृत्त मास्तर मात्र वेगळेच होते. त्यांना जन्मभर पाच तासांची झोप. मोबाईलवर कुणी पाठवलं, की सात तासांहून कमी झोपणारा लवकर मरतो. त्या दिवसापासून मास्तरांनी झोपेच्या गोळ्या सुरू केल्या, ओळखीच्या मेडिकलवरून, चिठ्ठीशिवाय. आता नऊ तास झोपत, सकाळी तोल जाई, एकदा मोरीत पडून मनगट मोडलं होतं.

“पाच तासांत उठून काय करायचे गुरुजी?” मावशींनी विचारलं.

“वाचायचो. फिरून यायचो. पोरांना गणितं शिकवायचो.”

“आन आता?”

मास्तर आपल्या मोडलेल्या मनगटाकडं बघत राहिले. मी त्यांना बजावलं की गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करायच्या. त्यांनी केल्या. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानदाराला मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

त्या अकरा अर्जांचं काय झालं तेही सांगून टाकते. मी ते नव्यानं भरले आणि पुढच्या बैठकीत साहेबांसमोर ठेवले. साहेब म्हणाले, “सिस्टर, आकडे वर गेलेत. आता बदलता येत नाहीत.” मी म्हणाले, “सर, माणसं बदलता येतात.” त्यांनी चहा मागवला. कागद माझ्याच कपाटात राहिले, आणि निवृत्तीच्या दिवशी मी ते घरी घेऊन आले. आजही ‘आपल्या भागातल्या ज्येष्ठांची झोप उत्तम’ असंच कुठंतरी लिहिलेलं असेल. त्यावर कुणी अभ्यास केला असेल, कुणी सल्ले दिले असतील. देऊ देत. त्यात माझ्या चार गावांचं खोटं आहे.

यादीतलं अकरावं नाव शंकरराव. गावाच्या टोकाला घर. आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला. थोरली सून बाहेर आली, आम्हाला सतरंजी टाकली, पाणी दिलं. माघ महिन्यात गेले म्हणाली.

“काही झालं होतं का?” मी विचारलं.

“काई न्हाई सिस्टर. ना ताप, ना खोकला. कुणाला तरास दिला न्हाई. झोपेतच गेले. भाग्यवान माणूस.”

मी मान हलवली. अशा वेळी हलवतात तशी. मावशींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्या बाईकडं पाहिलं.

“झोपले कधी व्हते?”

सुनेला प्रश्न नीट कळला नाही. ती आठवू लागली, बोटं मोजू लागली. मग एकदम प्रामाणिकपणे म्हणाली, “आदल्या उन्हाळ्यापास्नं.”

आणि तिचा हात तोंडावर गेला.